ज्याचं त्याला विचारा

पिंपरीपासून चाकणच्या चौकापर्यंत सगळ्यात जास्त माहिती ज्यांच्या पोटात आहे आणि सगळ्यात कमी माहिती ज्यांच्या ओठांतून बाहेर पडते, असे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणतो. दाजींनी तीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला काढली. तिथं कामगारांची हजेरी लागते आणि रजा मंजूर होतात. हजेरी यंत्रावर उमटते, पण रजेचं कारण माणसाला तोंडानं सांगावं लागतं, आणि ते दाजींना सांगावं लागे. कुणाचा भाऊ दारू सोडवायला कुठं ठेवलाय, कुणाच्या सुनेनं माहेरचा रस्ता धरलाय, कुणाला कसलं इंजेक्शन चालू आहे, हे सगळं त्यांनी ऐकलं. कागदावर मात्र प्रत्येकाचं कारण एकच असे : ‘घरगुती’. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मॅनेजरनं भाषणात सांगितलं, की या कारखान्यात तीस वर्षांत कुणी आजारी पडलं नाही, सगळ्यांना फक्त घर होतं.

निवृत्तीनंतर ते पिंपळे गुरवला आमच्याच सोसायटीत राहायला आले आणि त्यांच्या या सवयीला मोकळं रान मिळालं. घरी पार्सल आलं, की आधी त्यावरचा नाव-पत्त्याचा कागद सोलायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि बादलीत भिजत घालायचे. त्यात वस्तू काय आहे हे बघायला दुसऱ्या दिवशीही वेळ असतो. कपड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं मोबाइल नंबर विचारला, तर हे म्हणाले, “कशाला? बनियनला फोन करणार हाय का?” शेजारच्या मुलाचं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडची माणसं चौकशीला दाजींकडे आली. पोरगा सोन्यासारखा. पण दाजींचं ठरलेलं उत्तर : “ज्याचं त्याला विचारा.” पाहुण्यांनी ते ऐकलं, एकमेकांकडे बघितलं आणि चहा अर्धा टाकून उठले. लग्न मोडता मोडता राहिलं. शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, त्या लोकांच्या मागे जिन्यापर्यंत धावत जाऊन सांगितलं, “अहो, आमचे हे स्वतःबद्दलसुद्धा असंच सांगतात!”

एकदा माझ्या गुडघ्यासाठी आम्ही दवाखान्यात बसलो होतो. बाहेर बसलेल्या मुलीनं भरल्या हॉलमध्ये हाक मारली, “मूळव्याधवाले कोण?” कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून चपलेचा अंगठा निरखू लागले. काही कळायच्या आत दाजी उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी!” ते आत गेले, डॉक्टरांना चार शब्द सुनावून आले, आणि मग त्या गृहस्थांच्या कानाशी वाकून म्हणाले, “जावा आता.” त्या दिवसापासून अर्धं पिंपळे गुरव भेटेल तिथं दाजींच्या मूळव्याधीची चौकशी करतं. हे गंभीरपणे “उतार हाय” म्हणून पुढं जातात.

असा हा माणूस क्रिकेटच्या भानगडीत सापडला, त्याची ही हकिगत.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांच्या संघांची टेनिस बॉलची स्पर्धा होते. दाजी तिचे जुने शौकीन. प्रत्येक सामन्याला पायरीवर टॉवेल टाकून बसायचे. एका वर्षी कुजबुज सुरू झाली, की सामन्यांवर सट्टा लागतो आणि काही खेळाडू विकले गेलेत. तेव्हा आयोजकांनी तिघांची एक सचोटी समिती नेमली. तिला वाटलं तर खेळाडूचा फोन, कॉलची यादी, बँकेचे कागद मागता येतील, असा नियम झाला आणि प्रत्येक खेळाडूची त्यावर सही घेतली गेली. कार्यवाह चाकणकडचे एक बडे कंत्राटदार होते. आवाज मोठा, मन तसं वाईट नाही. त्यांनी दाजींना समितीचे अध्यक्ष केलं. “दाजी, तुमच्या पोटात गोष्ट राहते राव. असाच माणूस पाहिजे,” असं ते हार घालताना म्हणाले. त्या वाक्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला.

दाजींनी पहिल्या आठवड्यात लोखंडी कपाट मागवलं आणि त्याला दोन कुलपं लावली. फायलींवर नावांऐवजी आकडे घातले. मग त्यांनी एक कागद तयार केला आणि ज्याची चौकशी असेल त्याला तो स्वतः वाचून दाखवू लागले : तुझ्याकडून काय घेतोय, कशासाठी घेतोय, कोण बघणार, आणि चौकशी संपल्यावर सात दिवसांत ते कसं नष्ट करणार. वाचून झालं की विचारायचे, “समजलं का? न्हाई समजलं तर परत वाचतो.” बऱ्याच खेळाडूंनी सुटका करून घेण्यासाठी समजलं म्हणून सांगितलं, तर दाजींनी त्यांना उलट प्रश्न विचारले. शिवाय पुठ्ठ्याला मध्ये एक चौकोनी खिडकी कापून घेतली होती. कॉलच्या यादीवर तो पुठ्ठा ठेवायचा आणि सामन्याच्या दिवसाच्या ओळी तेवढ्या खिडकीतून बघायच्या. बाकीचं आयुष्य पुठ्ठ्याखाली.

त्यांना स्कूटरवर नेणं-आणणं माझ्याकडे होतं. समितीच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. मी बाहेर चहाच्या टपरीवर बसायचो आणि परत येताना विचारायचो, “काय झालं?” तर मागून आवाज यायचा, “पुढं खड्डा हाय, पाव्हणं.”

त्या वर्षी उपांत्य सामन्यात एका गोलंदाजानं शेवटच्या षटकात लागोपाठ तीन नो-बॉल टाकले आणि हातातला सामना गेला. पोरगा मराठवाड्यातला, एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये कामाला, कुरुळीत खोली करून राहणारा. अंगानं काटक, स्वभावानं अबोल. लगेच तक्रार आली, की हा दर सामन्याच्या मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला जाऊन कुणाला तरी गुपचूप फोन लावतो. झालं! स्पर्धेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला, खाली लोकांनी नको ते लिहिलं. कंपनीच्या गेटवर पोरं त्याला “काय भावा, कितीला विकली?” म्हणू लागली.

दाजींनी त्याला बोलावलं, कागद वाचून दाखवला आणि पुठ्ठा ठेवला. खिडकीतून प्रत्येक सामन्याच्या दिवशी एकच नंबर दिसला, त्याच वेळी लावलेला. दोघं आत तासभर होते. बाहेर पडताना त्या पोराचे डोळे लाल झाले होते, आणि दाजी स्कूटरवर बसल्यावर खड्डासुद्धा सांगायला विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मैदानावर नेलं. गोलंदाज तिथंच उभा होता, त्या दिवशीचेच बूट घालून. दाजींनी खिशातून शिंप्याचा टेप काढला आणि भर उन्हात गुडघे टेकून बसले. “टाक,” म्हणाले. पोरानं बॉल टाकला, पाय रेषेच्या चार बोटं पुढं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. दाजींनी त्याला बूट काढायला लावले. त्याचे स्वतःचे बूट फाटले होते म्हणून त्यानं कुणाचे तरी मागून आणले होते. दोन नंबर मोठे. पुढं कोंबलेलं फडकं त्या दिवसापासून तसंच गोळा होऊन बसलेलं. शेवटच्या षटकात फडकं घामानं चिंब होऊन गोळा झालं की पाय आत सरकायचा आणि बूट रेषेपलीकडे जायचा. माझे बूट त्याच्या मापाचे निघाले. ते घालून त्यानं बारा बॉल टाकले, एकही रेषेबाहेर नाही. मी अनवाणी उभा राहून मोजले.

दाजींनी अहवाल लिहिला तो एवढाच : ‘बेइमानी आढळली नाही. नो-बॉलचं कारण पादत्राणविषयक आहे. फोनचा सामन्याशी संबंध नाही.’ मी म्हटलं, “अहो, बूट मोठे होते असं सरळ लिहा की.” ते म्हणाले, “पायाचं माप त्याचं हाय, पाव्हणं. आपण कोण लिहिणारं?”

कार्यवाह अहवाल घेऊन घरी आले. सोबत दोन माणसं.

“दाजी, बुटाचं कळलं. पण तो नंबर कुणाचा?”

“सामन्याशी संबंध न्हाई.”

“ते तुम्ही म्हणता. लोक विचारतायत. यादी ग्रुपवर टाकू, लोकांचं लोक बघतील. पोरगं निर्दोष असंल तर त्याचंच भलं हाय त्यात.”

“मी त्याला कागद वाचून दाखवलाय,” दाजी म्हणाले. “कोण बघणार ते त्यात लिहिलंय. त्यात तुमचा ग्रुप न्हाई.”

“अध्यक्ष तुम्हाला आम्ही केलंय!”

“व्हय. म्हणून तर.”

कार्यवाहांचा आवाज चढला. समितीच बरखास्त करतो, उद्या कपाटाच्या किल्ल्या द्या, असं सांगून ते गेले. दाजींनी घड्याळ बघितलं, मला म्हणाले, “स्कूटर काढा.” आम्ही समितीच्या खोलीवर गेलो. गोलंदाजाला तिथंच बोलावलं होतं. त्याच्यासमोर दाजींनी त्याचा एकेक कागद फाडला, बादलीत बुडवला, काठीनं ढवळला. पार लगदा झाल्यावर त्याला म्हणाले, “सात दिवस म्हणालो होतो. आजच झालं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या दिल्या. कार्यवाहांनी कपाट उघडलं, तर त्या पोराच्या आकड्याची फाईल होती आणि आत फक्त अहवालाची एक प्रत.

अहवालावर समितीच्या बाकी दोघांनीही सह्या केल्या होत्या, त्यामुळे पोराला खेळण्यापासून कुणी अडवू शकलं नाही. पण लोकांना कुणीतरी लागतंच. आता कुजबुज दाजींवर आली. अध्यक्षच फुटला म्हणे, वाटा मिळाला म्हणे. तीस वर्षं ज्यांच्या रजा ‘घरगुती’ करून दिल्या, त्यातलेही काही जण बोलले. ताई दोन दिवस जेवली नाही. तिनं विचारलं, “एका वाक्यानं तुमचं नाव धुऊन निघत असंल तर बोलत का न्हाई?” दाजी म्हणाले, “ते वाक्य माझं न्हाई.” त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. पायरीवर टाकायचा टॉवेल ताईनं एक दिवस मुकाट्यानं धुऊन कपाटात ठेवला.

दोन वर्षं गेली. एका रविवारी सकाळी दारात एक तिशीची बाई उभी, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाली, मी त्या गोलंदाजाची बहीण. दाजी चटकन उठले, “बसा, मी गॅलरीत हाय,” म्हणून बाहेर जायला निघाले. ती म्हणाली, “तुम्ही बसा ना, सर. मला तुमच्या देखतच सांगायचंय.” तरी ते उंबऱ्याच्या पलीकडेच थांबले, आमच्याकडे पाठ करून.

तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा याच पट्ट्यात कामाला होता. तो तिला मरेस्तोवर मारायचा. एके दिवशी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि दापोडीत एका ओळखीच्या बाईकडे लपून राहिली. एका स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची. फोन त्या बाईचा, तोही दुपारच्या सुट्टीत तेवढा हातात यायचा. म्हणून भाऊ त्या वेळी फोन करायचा, सामना असो की शिफ्ट. नवरा तिला शोधत फिरत होता, आणि तो त्या स्पर्धेच्या ग्रुपवर होता.

“नंबर तिथं पडला असता तर संध्याकाळपर्यंत तो दारात आला असता,” ती म्हणाली. “त्या दिवशी सरांनी दादासमोर मला फोन लावला. म्हणले, ‘मी कोण ते सांगत न्हाई, तुम्ही कोण ते सांगू नका. दुपारी तुम्हाला येतो तो फोन तुमच्या भावाचा हाय का, एवढंच सांगा.’ मी हो म्हणलं. तर म्हणले, ‘जेवलात का?’ आन् ठेवून दिला. मला काय बी कळंना झालं. मी किती तरी वेळ रडले.” आता तिचा काडीमोड झाला होता, नवऱ्यावर कोर्टानं जरब बसवली होती, आणि तिची स्वतःची खानावळ सुरू होत होती. “आता कुणालाही सांगा,” ती म्हणाली. मी हे लिहितोय ते तिला विचारून. नाव घातलं नाही, ते दाजींना विचारून.

ताईनं तिला जवळ घेतलं. मग विचारलं, “भाऊ नाही आला?”

“दादाला लाज वाटते, ताई. सरांपुढं लई रडला होता तो. दिसले की त्याला सगळं आठवतं. लांबून दिसले तरी रस्ता बदलतो.”

गॅलरीतून आवाज आला, “न्हाई आला तरी चालंल म्हणावं. मजेत राहा म्हणावं.”

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बागेत फिरायला गेलो. गेली कित्येक वर्षं मी रोज त्यांच्याबरोबर फिरतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. समोरून येणारी माणसं दाजींना नमस्कार करत आणि पावलं जरा उचलून पुढं जात. कुणी फोन कानाला लावे, कुणी झाडाकडे बघे. बाकावर त्यांच्या शेजारी जागा असूनही कुणी बसत नव्हतं. मी विचारलं, “दाजी, ही सगळी तुमच्या कारखान्यातली ना?”

“व्हय.”

“वाईट वाटत नाही?”

“वाटतं की,” ते म्हणाले. “माणूस आपल्याला काही सांगतो, तेवढ्यापुरता हलका होतो. मग आपण दिसलो की त्याला ते परत दिसतं. त्याचा दोष न्हाई त्यात.” थोडं चालल्यावर हसून म्हणाले, “तुम्ही मला कधी काय सांगितलं न्हाई, म्हणून तर रोज येता.”

खरं म्हणजे त्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून निघालो होतो. बरीच वर्षं मनात ठेवलेली, बायकोलाही न सांगितलेली. या एका माणसाकडे ती सुखरूप राहील, याची त्या सकाळी खात्रीच पटली होती.

मी नाही सांगितली. आम्ही बागेला आणखी दोन फेऱ्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी पुन्हा त्यांच्या दारात उभा राहिलो.