कुत्र्याचा उजवा कान

दिवेलागणीला आमचा कुत्रा उजव्या बाजूला मान वाकडी करून अंगणात बसायचा, जणू बोडीच्या तळ्यापलीकडच्या जंगलातलं काही ऐकतोय. "त्याले 'तो' ऐकू येते," आई म्हणायची. त्या वेळी वाघाचं नाव आम्ही घेत नाही. लगेच शेळ्या आत, शेजाऱ्यांची दारं बंद. मी चिडायचो, पण दार लावायचोच.

मग त्याच्या डोक्याला सडवलेल्या मोहफुलांसारखा आंबूस वास येऊ लागला. कान खाजवून त्यानं रक्त काढलं, तेव्हा त्याला नागभीडला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान उलटला. आत लालभडक, तपकिरी चिकट मळ. तो काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"यीस्ट आहे भाऊ, एक प्रकारची बुरशी. बोडीत डुंबते न हा? कान ओला राह्यते, मंग खाजते, म्हणून मान वाकडी करते."

त्यांनी कान धुवायचं औषध आणि थेंब दिले, बरं वाटलं तरी मधेच सोडू नका म्हणाले.

"तुहा वाघ कानातच होता," मी आईला हसून सांगितलं. वास गेला, मान सरळ झाली. गल्लीनं दारं लावणं सोडलं.

एका सांजेला कुत्रा अंगणात उठून उभा राहिला. मान सरळ, दोन्ही कान ताठ, पाठीवरचे केस उभे. आई बोडीच्या पाळीवर शेळ्यांसाठी गवत कापत होती.

"आई, घरी ये!" मी ओरडलो.

तिनं कुत्र्याकडे पाहिलं आणि हसली. "थेंब टाक त्याच्या कानात!" म्हणाली, आणि पुन्हा गवतात वाकली.