सातवीची रात्र

तेरच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या कडूबाईचं नक्षत्र आश्लेषा होतं. आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. ही जगली, आई मात्र बाळंतपणातच गेली. आश्लेषेची मुलगी आईला आणि सासूला जड, असं शास्त्र सांगतं. त्यातलं अर्धं आपल्या हातून खरं ठरलं, असं मानूनच ती वाढली होती. उरलेलं अर्धं खरं ठरू नये, म्हणून सव्विसाव्या वर्षापर्यंत तिनं लग्नाचं नाव काढलं नव्हतं.

मुलांच्या शाळेतल्या उत्तरेश्वर गुरुजींना हे कारण मान्य नव्हतं. त्यांनी दोन वर्षांत दोनदा मागणी घातली होती. दोन्ही वेळा तिनं मान खाली घालून नकार दिला. मनात नसतं, तर तो मान वर करूनही देता आला असता. गुरुजींच्या आईला, दगडाबाईंना, ती दर रविवारी पोथी वाचून दाखवायची. म्हातारी तिचा हात हातात घेऊन बसायची आणि तो हात तिला जड व्हायचा.

१९६० च्या मे महिन्यात गुरुजींची वाशीला बदली झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शनिवारी दुपारी ते तिच्या दारात आले.

"एवढ्या लांबून चंद्राला तेरमधली सासू बरी सापडते," ते म्हणाले.

"आई सापडली होती."

गुरुजी वरमले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्या जन्माची वेळ वडिलांना कुणी सांगितली? ते तर वाशीच्या बाजाराला गेले होते ना?"

"सकिनाबीनं. सुईण तीच होती."

"मग तिच्याकडं चला. साक्षीदार तपासल्याशिवाय शिक्षा भोगू नये. पंचांगही घ्या."

वडिलांनी, लिंबाजींनी, मरेपर्यंत जपलेलं शके १८५६ चं पंचांग तिनं फडक्यातून काढलं. साक्ष पक्की निघाली, तर यानंतर हा माणूस पुन्हा विचारणार नाही, हे तिला कळत होतं.

सकिनाबी अंगणात शेवया वाळत घालत होती. गुरुजींनी विचारताच ती म्हणाली, "तेच सांगितलं व्हतं लिंबाजीला. मोहरमची सातवी रात. दिवस मावळून घटका झाली व्हती. दुसऱ्या दिवशी सातवी, गावात शरबत वाटत व्हते आन् ह्या घरात रडारड."

कडूबाईचं बोट पंचांगावर थबकलं. "दुसऱ्या दिवशी? सातवीचा दिवस सरल्यावरची ती रात्र ना?"

"न्हाय गं बेटी. तुमचा दिवस उजाडल्यावर सुरू व्हतो. आमचा चांदावर चालतो. आमची रात आधी येती, दिवस मागनं."

लिंबाजींनी मोहरमच्या सातव्या तारखेची ओळ शोधून त्या दिवसानंतरची रात्र धरली होती. कडूबाईनं बोट एक ओळ वर सरकवलं. एरवी पंचांगाला रद्दी म्हणणारे गुरुजी श्वास रोखून त्या बोटामागं वाचत होते. त्या रात्री आश्लेषा लागली नव्हती. पुष्य होतं, नक्षत्रांत शुभ म्हणून वाखाणलेलं.

"तुम्ही हिला पढवलं नाही ना?" तिनं गुरुजींकडं वळून विचारलं.

"पढवायचं असतं, तर दोन वर्षं कशाला घालवली असती?"

हे तिला पटलं. पण चेहरा मोकळा झाला नाही. "पुष्यावर जन्मलेली मुलगी आईला जड नसते," ती सावकाश म्हणाली. "मग आई कशानं गेली, सकिनाबी?"

म्हातारीनं पिठाळलेले हात लुगड्याला पुसले. "रगत थांबलं न्हाय. म्या लई झटले. धाराशिवला न्यायला बैलगाडी जुपली, ती नदीतच रुतली. हे कुनी इचारलंच न्हाय मला. लिंबाजी आले आन् पोथीच उघडून बसले."

कडूबाई गुडघ्यांत तोंड घालून रडली. सव्वीस वर्षं आईची आठवण काढताना ती क्षमाच मागत आली होती. आज पहिल्यांदा नुसती आई आठवली. गुरुजी उठून उन्हात उभे राहिले. आपण जिंकलो, असं त्यांना मुळीच वाटेना.

परतताना दगडाबाईंच्या दाराशी ती थांबली.

"मुहूर्त मात्र मी काढणार," ती म्हणाली.

"काढा," गुरुजी म्हणाले. "फक्त ओळ नीट बघा."