भविष्यातील वाढ

विद्यापीठाचा आराखडा काढणारे आमचे नकाशेबुवा म्हणजे आजचं सोडून उद्याचं सगळं पाहणारा माणूस. मोकळी जागा दिसली की तिथं तिरप्या रेघा ओढायच्या आणि सुबक अक्षरात लिहायचं, ‘भविष्यातील वाढ’. ग्रंथालयामागे वाढ, प्रयोगशाळेशेजारी वाढ. घरच्या कपाटातसुद्धा एक कप्पा रिकामा. का? तर वाढ!

कुलगुरूंनी वसतिगृहासाठी वाढीव जागा मागितली. बुवांनी रेघा ओढल्या, त्या बरोब्बर कर्मचाऱ्यांच्या घरांवरून गेल्या. पहिलंच घर बुवांचं. आता बायकोला सांगणार कोण? नकाशाची गुंडाळी गेली कपाटामागे. नवऱ्यांनी लपवलेल्या वस्तू नेमक्या तिथंच सापडतात.

“अहो, माझ्या स्वयंपाकघरावर ह्या रेघा कसल्या?” वहिनींनी विचारलं.

“वाढ आहे ती. आत्ताची नव्हे, भविष्यातली.”

“ओटा माझ्या उंचीचा करून घ्यायला किती वर्षं तुमचं डोकं खाल्लं मी! तो पाडणार?”

“अगं, विद्यापीठाचा प्रश्न आहे.”

“बरं.”

हे ‘बरं’ ऐकून शेजारच्या खिडक्या हळूच किलकिल्या झाल्या.

जेवायला ताट आलं. लख्ख. रिकामं.

“अगं, वाढ ना!”

“आहे की. भविष्यातली. सध्या नुसती जागा राखीव.”

दुसऱ्या दिवशीही तेच. उपाहारगृहातल्या वातड पावावर माणूस किती तग धरणार? शेवटी बुवांचा पट्टा एक भोक आत गेला आणि नकाशावरच्या रेघा सरकून कुलगुरूंच्या बंगल्याच्या हिरवळीवर जाऊन बसल्या.

“माझी हिरवळ? डोकं ठिकाणावर आहे का?” कुलगुरू कडाडले.

“डोकं आहे साहेब, पोट नाही,” म्हणत बुवांनी सगळं ओकून टाकलं.

कुलगुरू पोट धरधरून हसले. तो किस्सा त्यांनी घरी जाऊन बायकोला रंगवून सांगितला, हिरवळीसकट, आणि तिथंच फसले.

सकाळी ते पडेल चेहऱ्यानं आले. “हिरवळ आमच्या हिनं जिवापाड जपलेली आहे हो. नाश्ता मागितला, तर म्हणाली...”

“राखीव?”

कुलगुरूंनी मान डोलावली. दोन रिकामी पोटं एका नकाशावर वाकली.

“बुवा, वाढ आडवीच लागते का? वसतिगृहावरच दोन मजले चढवले तर? पाया सोसेल?”

“सोसेल की. आपण नाही का सोसलं!”

त्या संध्याकाळी बुवांच्या ताटात भाताचा हा एवढा मनोरा.

“अगं, हे काय?”

“उभी वाढ,” वहिनी म्हणाल्या. “संपवा मुकाट्यानं.”