भगोण्याचा कान

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत कांताबाईंना विचारल्याशिवाय कोणी स्टीलचं भांडं घेत नसे. मी लग्न होऊन रायपूरहून त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मला हे सगळं हसण्यासारखं वाटलं होतं. भांडं ते भांडं, त्यात पारखायचं काय? पहिल्याच महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात एकटीने बाजारात जाऊन सहा डबे आणले. कांताबाईंनी त्यातला एक उचलला, झाकण लावलं, काढलं आणि म्हणाल्या, "नूतन, हे डबे तू इकत आनले का कोनी तुले वाटेत देल्ले?" वर्षभरात मिठाच्या डब्याला तळाशी तपकिरी ठिपके पडले. त्यानंतर मी मुकाट्याने त्यांच्या मागून बाजाराला जाऊ लागले.

भिलाईच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला स्टीलमधलं कळतं. रूळ कुठे आणि वरणाचं पातेलं कुठे! पण कांताबाईंना खरंच कळायचं. भांडं आधी तळहातावर घेऊन डोळे किलकिले करायच्या. मग काठावरून अंगठा फिरवायच्या; काठ वळवलेला नसेल, बोटाला चावत असेल, तर भांडं तिथेच परत. मग तळात स्वतःचा चेहरा बघायच्या. चेहरा लाटेसारखा हलला तर पत्रा सारखा दाबलेला नाही. शेवटी बोटाच्या पेराने टिचकी. ही टिचकी त्यांना नवऱ्याकडून मिळाली होती. शेषराव यार्डात वॅगन तपासायचे, हातोडी मारून आवाजावरून चाकाची चीर ओळखायचे.

दुकानदार फुशारकीने चुंबक काढायचा, "देखो माताजी, चिपकता नहीं." त्यावर कांताबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "चुंबक पाहून नाचू नको. हलक्या मालालेबी थो चिकटत नाई. वजन पाय. लोक चकाकीले भुलते, भांडं वजनावर टिकते." कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की मुलीच्या आईआधी कांताबाईंची चप्पल पायात असायची. त्यांना त्याचा गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा गुड्डू. तोही रेल्वेत लागला, ट्रॅकवर, म्हणून शेषराव रिटायर झाल्यावरही क्वार्टर हातचं गेलं नाही. त्याने लग्न केलं कुरुदच्या रीनाशी. तिच्या माहेरी छत्तीसगढी बोलतात. गुड्डूचं मराठी जेवण मागण्यापुरतं. रीना मात्र सहा महिन्यांत कांताबाईंशी आमच्यापेक्षा खणखणीत नागपुरी बोलायला लागली. साड्यांना फॉल-पिको करायची, बोटं फार चपळ होती तिची. कांताबाई सुनेवर मनापासून खूश होत्या. उगाच गोड बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून सांगते.

एकच गोष्ट त्यांना खटकायची. आपल्याकडे भात भांड्यातच आटवतात. रीनाच्या माहेरी भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी वेळून काढतात. त्या पाण्याला पसिया म्हणतात. मीठ घालून तो पितात. शेषरावांना तर पसियाचा नादच लागला होता. ते चालत होतं. पण त्यासाठी रीनाने माहेरून आणलेला ॲल्युमिनियमचा काळा, बिनकानाचा भगोणा, म्हणजे धरायला कडी नसलेलं मोठं पातेलं, कांताबाईंच्या डोळ्यांत सलायचा. "माह्या घरात हे भांडं? लोक का म्हनतीन?"

त्या उन्हाळ्यात कॉलनीच्या मैदानावर तंबू ठोकून किलोच्या भावाने स्टील विकणारा सेल आला. कांताबाई, रीना आणि मी, तिघी गेलो. मोठ्या भगोण्यांत दोनच कामाचे होते. एकाचा पत्रा पातळ, पण कानांना रिव्हेट मारलेले. दुसरा जाडजूड, तळ भक्कम, आवाज बसका. त्याचे कान मात्र नुसते चिकटवलेले, प्रत्येक कानाखाली वेल्डिंगचे दोन बारीक ठिपके. कांताबाईंनी पातळाला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. जाड भगोणा तळहातावर घेतला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

रीनाने एक कान धरून हलवला. "आई, हा मजबूत आहे ना? मले पानी भरून उचलावं लागते."

"अवं, वजन पाय त्याचं! दहा वर्सं काई होत नाई," कांताबाई म्हणाल्या.

मी तिथेच उभी होते. मला काही वाटलं नाही. आमच्या घरात भांडं चुलीवरून उतरवतात ते रिकामं करून नाही तर सांडशीने. भरलेलं, उकळतं भांडं कानाला धरून तिरपं करायची वेळ आमच्यावर येतच नाही. कांताबाईंनी आयुष्यभर पत्रा पारखला होता, जोड कधी पारखावाच लागला नव्हता. आणि भांडं जितकं जड, तितका कानावर भार जास्त, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. वजन म्हणजे चांगलं, हेच त्यांचं आयुष्यभराचं गणित.

चार महिने भगोण्याने काम दिलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी गुड्डूच्या ट्रॅक गँगमधले चौघे दुपारच्या जेवणाला आले. रीनाने भात टाकला, शिजला, आणि पसिया वेळायला तिने भगोणा दोन्ही कानांनी उचलून मोरीवर तिरपा केला. डावा कान निघाला. सगळा उकळता पसिया तिच्या उजव्या हातावर, पोटावर आणि मांडीवर आला. तिची किंकाळी मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मी धावत गेले तेव्हा कांताबाई तिच्यावर माठातलं पाणी ओतत होत्या आणि सारखं "माय, माय, माय" म्हणत होत्या. भात मोरीभर पसरला होता.

दुर्गला दवाखान्यात तिला बावीस दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "कैसे जल गई बहू?" कांताबाई म्हणाल्या, "हाथ से छूट गया."

मी ते ऐकलं, घरी आले आणि शेजारणींना जसंच्या तसं सांगितलं. नुसतं तेवढंच सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. अपघाताच्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा रीनाचा फोन ओट्यावर पाहिला होता, त्यावर तिच्या आईचा मिस्ड कॉल होता. मी तेही जोडून सांगितलं. फोन ओट्यावर होता इथून फोन कानाला होता इथपर्यंत पोचायला कॉलनीला दोन दिवस पुरले. आठवड्याने ती गोष्ट परत माझ्याकडे आली, तेव्हा रीना आईशी हसत बोलत होती, इतकी ती सजली होती. गुड्डूनेही ती ऐकली. दवाखान्यात जाऊन त्याने बायकोला विचारलं, "ध्यान किधर था तेरा?" रीनाने सासूकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

निघालेला कान कांताबाईंनी अपघाताच्याच संध्याकाळी मोरीतून उचलून ठेवला होता. शेषरावांनी तो पाहिला. हे मला कांताबाईंनीच नंतर सांगितलं. शेषरावांनी कान उजेडात धरून उलटासुलटा केला आणि म्हणाले, "असा जोड वॅगनले असता तर म्या गाडी सोडली नसती." थोड्या वेळाने म्हणाले, "आता बोलून का होते? पोरगी वाचली ना." कांताबाईंनी कान लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी टाकला.

रीना दवाखान्यातून सरळ माहेरी गेली, आरामाला म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली होती. मशीनवरची साडी तशीच अर्धी फॉल लावून पडली. एक महिना गेला, दुसरा गेला. गुड्डू तिला आणायला गेला नाही. "पहले अपनी गलती तो माने," असं तो म्हणायचा. तिची गलती असल्याची आम्हा सगळ्यांचीच खात्री होती.

कांताबाई झिजत चालल्या होत्या. आम्हाला वाटायचं, सुनेच्या काळजीने. एका दुपारी मागच्या लाइनीतली चंदा आली. तिच्या नणदेचं लग्न होतं, भांडी घ्यायला कांताबाई हव्या होत्या. आम्ही चार-पाच जणी कांताबाईंच्या दारातल्या ओट्यावर बसलो होतो. कांताबाई एकदम म्हणाल्या, "मी नाई येत. मले काई कळत नाई भांड्यातलं. रीनाच्या हातून भगोणा नाई सुटला. त्याचा कान निघाला. मी घेतला होता थो भगोणा. तिनं इचारलं होतं मले, अन् मी म्हनलं मजबूत आहे."

मग चंदाने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "कांताबाई, तुमच्यासारखी सासू मिळायले नशीब लागते. सुनेची चूक स्वतःवर घेऊन राहिल्या तुमी." दुसरी म्हणाली, "तुमची पारख कधी चुकली आहे का? वीस वर्सांपासून पाहून राहिलो."

कांताबाईंनी आत जाऊन ट्रंक उघडली, कान आणून दाखवला. त्यावरचे वेल्डिंगचे दोन ठिपके बोट ठेवून दाखवले. चंदा म्हणाली, "खाली पडल्यावर निघालाच असंल." त्या दिवसापासून कॉलनीत कांताबाईंचं नाव आणखी मोठं झालं. लोक आपापल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. त्यांनी गुड्डूलाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू उसको बचा रही है, समझता हूँ मैं." शेषराव खुर्चीत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक शब्द जरी टाकला असता तरी गुड्डूने ऐकलं असतं. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

मला मात्र त्या दिवशी ओट्यावरच पटलं होतं, कारण तंबूत रीनाने तो कान हलवलेला मी पाहिला होता. मी तेव्हाच चंदाला अडवायला हवं होतं. पण अडवलं असतं तर मग फोनचं कुणी सांगितलं, हाही प्रश्न आला असता.

पुढच्या आठवड्यात कांताबाई म्हणाल्या, "नूतन, कुरुदले येतं का माह्यासंगं?" आम्ही ऑटोने गेलो. रीनाच्या घरी अंगणात खाट टाकलेली होती. तिची आई बाजूला बसून लसूण सोलत होती. कांताबाईंनी कान खाटेवर ठेवला आणि रीनाच्या आईला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या हिंदीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. तंबू, पातळ भगोणा, जाड भगोणा, दवाखान्यातलं बोलणं, काही लपवलं नाही. रीनाच्या आईचे हात लसणीवर थांबले.

"मले माहीत होतं, आई," रीना म्हणाली. "कान माह्याच हातात राहिला होता. मले नाई माहीत होनार?"

"मंग बोलली कावून नाई तू?"

"मी बोलली असती तर सब म्हनले असते, सासूवर ढकलून राहिली. तुमी सांगसान म्हणून थांबली." तिने खाटेवरचा कान बोटाने बाजूला सारला. "दवाखान्यात त्या बाईनं इचारलं ना, तवा मी झोपली नव्हती. माहा डावा हात तुमी धरून बसल्या होत्या."

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "चल घरी. मी साऱ्यांपुढं सांगतो, पुन्हा सांगतो."

"सांगतलं ना तुमी. आलं माह्या कानावर. आता तुमी किती चांगल्या, हेच सांगते सारे." तिच्या बोलण्यात चीड नव्हती, फार दमलेली वाटली. मग ती हिंदीत म्हणाली, "मैं अभी नहीं आऊँगी, आई. उस घर में सबके लिए मैं फोन वाली बहू हूँ. पता नहीं किसने बोला वो."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत नव्हतं. कांताबाईंनाही माहीत नव्हतं. इतकं सगळं एका म्हाताऱ्या बाईने माझ्यासमोर कबूल केलं होतं. माझं तर एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलं आणि प्यायला पाणी मागितलं.

रीना उठली आणि डाव्या हाताने पेला भरून घेऊन आली.