प्रार्थनेतून गाळलेलं नाव

दुपारचे अडीच वाजलेत. पाचला पप्पांच्या वर्षस्मरणाची उपासना आहे आणि साक्ष, म्हणजे त्यांच्याविषयी उभं राहून बोलणं, मी द्यायची आहे. चर्चच्या पाळकसाहेबांनी विषयसुद्धा कागदावर लिहून दिलाय, ‘शांतवन भिंगारदिवे गुरुजी, कुटुंबवत्सल आणि देवभीरू माणूस’. कागद छातीवर ठेवून मी कॉटवर पडलेय. एक ओळ लिहून झालीय. ‘पप्पांनी आम्हाला एक दिवसही प्रार्थनेवाचून झोपू दिलं नाही.’ त्यात एक अक्षर खोटं नाही. दुसरी ओळ काही केल्या सुचत नाही आणि पापण्या जड झाल्यात.

सकाळी मार्थाताईचा एसटीतून फोन आला होता. ताई म्हणजे आमची थोरली. मिरजेला नर्स होती, आता रिटायर झालीय. म्हणाली, “एस्तेर, साडेचारपर्यंत पोचते. एक विचारू? शेवटच्या दिवशी तू होतीस ना त्यांच्याजवळ. घेतलं का गं माझं नाव?”

मी म्हणाले, “ये तर आधी, मग बोलू.” नाही म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? पण माझी जीभच वळेना.

पंख्याचा आवाज लांब लांब जातोय. कॉटच्या पायथ्याशी कुणीतरी खाकरतं.

“भरदिवसा पाय पसरून काय पडलीस? ऊठ.”

पप्पा आहेत. कडक इस्त्रीचा पायजमा-सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मरून वर्ष झालं आणि भेटल्यावर पहिलं वाक्य हे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आमच्या पप्पांची मेल्यावरही गेलेली नाही.

“साक्ष लिहिलीस?”

“एक ओळ झालीय.”

“वाच.” मी वाचते. ते मान डोलावतात. “पुढे लिही, मी घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचो.”

“सगळ्यांची?” मी विचारते.

ते वळून चालायला लागतात. मी कॉटवरून पाय खाली सोडते तर खाली आमच्या चर्चची लाल फरशी. वेदीमागची छोटी खोली, प्रभुभोजनाच्या रसाचे चिमुकले प्याले तबकात मांडलेले. पप्पा एकेक प्याला उचलून धोतराच्या सोग्याने पुसतायत. आत्ता तर पायजमा होता अंगात.

आमच्या घरची प्रार्थना कशी असायची ते तुम्हाला सांगायला हवं. दिवेलागणीला सगळ्यांनी गुडघे टेकायचे. पप्पा आईपासून सुरुवात करायचे, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घ्यायचे, आणि नावाबरोबर त्याचं पापही. “प्रभू, सॅमसनने आज मास्तरांना शिवी दिली, त्याची जीभ शुद्ध कर.” “प्रभू, प्रफुल्ल सहा वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करतो, त्याला लाज दे.” शेजारच्या बायका मुद्दाम आमच्या खिडकीखाली भाजी निवडायला बसायच्या. फुकटचा तमाशा, कोण सोडेल? आणि आम्ही सगळ्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. पण मार खाण्यापेक्षा ते बरं, असं आम्हाला वाटायचं. नाव घेतलं म्हणजे क्षमा झाली, विषय संपला.

मी नऊ वर्षांची असताना एका शनिवारी प्रभुभोजनासाठी आईने काळ्या मनुकांचा रस काढून बरणीत ठेवला होता. पप्पा चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंच, म्हणून तो मान आमच्या घराला. त्यातला अर्धा मी प्यायले. संध्याकाळी पप्पांनी डोळे मिटून म्हटलं, “प्रभू, मार्थाने तुझ्या मेजावरचा रस चोरून प्यायला. तिला क्षमा कर.”

आणि सोळा वर्षांची ताई डोळे उघडून म्हणाली, “मी नाही प्यायले.”

आमेनच्या आधी! आमच्या घरात आमेनच्या आधी कधी कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं. पप्पांनी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. आईचं नाव झालं आणि त्यानंतर थेट सॅमसनचं आलं. ताईचं नाव गळालं. मी शेजारीच होते. चोराच्या मनात चांदणं, आता सगळे माझ्याकडे बघतील म्हणून मी डोळे इतके घट्ट मिटले की दुखायला लागले. तोंड मात्र उघडलं नाही.

त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. ताई नर्सिंगला गेली ती परत घरी राहायला आली नाही. पण दर नाताळला सगळ्यांना कपडे घेऊन यायची आणि संध्याकाळी आमच्यात गुडघे टेकायची. आमची चांदणी शेळी गाभण राहिली तेव्हा पप्पांनी तिचं नाव प्रार्थनेत घेतलं. शेळीचं! ताईचं नाही घेतलं.

“पप्पा,” मी म्हणते, “तो रस मी प्यायले होते.”

एवढं म्हणायला मला त्यांच्या मरणानंतरचं एक वर्ष लागलं. मला वाटतं आता छत कोसळेल. ते प्याला उजेडात धरून बघतात.

“माहीत आहे. तुझे ओठ रविवारीसुद्धा काळे होते.”

“माहीत होतं? मग ताईला का...”

“आधी माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं.”

“मग दुसऱ्या दिवशी तिचं नाव घ्यायचं होतं!”

“चोरीला क्षमा आहे, एस्तेर. तिने प्रार्थनेत बापाला खोटं पाडलं.”

“पण तुम्ही खोटेच होतात!”

“तिने आमेन म्हणायला पाहिजे होतं. बाकीचं मी बघून घेतलं असतं.”

माझ्या डोक्यात तिडीक जाते. “असला कसला हो बाप तुम्ही?”

ते माझ्या हातातल्या कागदावर वाकतात. “कुटुंबवत्सल,” ते वाचतात. “पाळकसाहेबांनी लिहिलंय.”

खोली हादरतेय. मी बाक धरते तो एसटीचा बाक आहे. खिडकीबाहेर ऊस पळतोय. पप्पा शेजारी ताठ बसलेत, तिकीट हातात धरून. “मिरजेची गाडी आहे,” ते सांगतात. मी मागे वळते. शेवटच्या बाकावर ताई, सोळा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर पत्र्याची ट्रंक. ती बाहेर बघतेय.

“हाक मारा तिला,” मी पप्पांच्या बाहीला धरून गयावया करते. “पप्पा, मी पाया पडते तुमच्या. एकदाच मारा. आज ती मला विचारणार आहे, मी काय सांगू?”

“खरं सांग. माझ्या नावावर खोटं बोलू नकोस.”

“मेला आहात तुम्ही! आता तरी काय बिघडणार आहे?”

“मी मेलोय,” ते शांतपणे म्हणतात. “आता घरची प्रार्थना तुझ्याकडे. तू घे तिचं नाव. तुला कोण अडवतंय?”

हो की! कोण अडवतंय मला? मी तिथल्या तिथे गुडघे टेकते. खाली आमच्या जुन्या घरातली शिंदीची चटई आहे, तिच्या काड्या टोचतात. समोर भिंत, भिंतीवर कंदिलाची काजळी. पप्पा माझ्या मागे उभे आहेत. ते आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची प्रार्थना ऐकतायत. मी मोठ्याने सुरू करते, त्यांना चांगलं ऐकू जावं म्हणून.

“हे स्वर्गीय पित्या, माझ्या आईला तुझ्याजवळ विसावा दे. सॅमसनच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पाड. प्रफुल्लच्या मुलीला चांगलं स्थळ दे. माझ्या नवऱ्याची साखर आटोक्यात ठेव. आमच्या चांदणीला सुखरूप मोकळी कर. प्रभू येशूच्या नावात मागते, आमेन.”

आमेन म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात येतं.

माझी जीभ आईवरून सरळ सॅमसनवर गेली. अडखळलीसुद्धा नाही.

“थांबा,” मी ओरडते, “पुन्हा घेते, चुकलं माझं, पुन्हा घेते!”

“त्रेचाळीस वर्षं सगळं खापर माझ्या माथी फोडलंस,” पप्पा मागून म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही. एखाद्या मुलाने बेरीज चुकवल्यावर बोलायचे तसे बोलतायत. मी वळते.

मागे दारात ताई उभी आहे. एकोणसाठ वर्षांची, केस पिकलेले, खांद्याला बॅग. घड्याळात चार वाजायला आलेत. पंखा फिरतोय. मी कॉटवर नाही, कॉटशेजारी खाली गुडघ्यांवर आहे, कोपरं गादीवर टेकलेली.

“गाडी लवकर पोचली,” ताई म्हणते. “दार उघडंच होतं.”

“कधी आलीस?”

“मघाशीच. तू झोपेत प्रार्थना करत होतीस. मोडू नये म्हणून उभी राहिले.” ती बॅग खाली ठेवते. “सॅमसनचं नाव घेतलंस. प्रफुल्लचं घेतलंस. अगं, शेळीचंही घेतलंस.” ती हसायला बघते. “सकाळी फोनवर विचारलं होतं ना मी तुला? राहू दे आता. नको सांगूस.”

“ताई, तो रस मी प्यायले होते.”

ती दोन पावलं पुढे येते. मला वाटतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“ते मला एकटीला कशाला सांगतेस?” ती म्हणते. “माझी चोरी त्यांनी खिडक्या उघड्या ठेवून सांगितली होती. पाच वाजता मंडळी भरेल. तू साक्ष द्यायला उभी राहणार आहेस ना? तिथे सांग. माझं नाव घेऊन सांग.”

ती स्वयंपाकघरात चहा टाकायला जाते. मी कॉटला धरून उठायला जाते, गाऊन वर सरकतो. दोन्ही गुडघ्यांवर आडवेउभे लाल वळ उमटलेत, चटईच्या काड्यांचे. मी हात फिरवून बघते, ते चांगले खोल रुतलेत. माझ्या खोलीत नुसती गुळगुळीत फरशी आहे.