नानांची लाल गाडी आणि दोन चाव्या

नाना गेले त्या दिवशी मी त्यांच्या गाडीला लाथ घातली.
दारावरचा पोचा अजून तसाच आहे.

नाना म्हणजे माझे चुलते. माजलगावकडं ऊस, घरी ट्रॅक्टर. आणि ह्या माणसानं पुण्याहून जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आणली. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायची.

तिला इमोबिलायझर होता. चावीत बारीक चिप असते, गाडीनं ती ओळखली तरच इंजिन चालतं. नाहीतर डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकतो, इंजिन जरा गुरगुरतं आणि बंद.

नाना बसले की बहुतेक वेळा चालू.
मी बसलो की बंद.

"कावून करती ही असं, नाना?"
"तू रागात हाईस. तिला कळतंय."
"मशीन हाय ती."
"मग सांग की मशीनला. अर्धं इंजिनिअरिंग झालंय ना तुझं बे."

पाटोद्याला एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. तिनं मला ब्लॉक केलंय, पण तिच्या मैत्रिणी माझ्या पोस्ट वाचतात.
तिचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मी चावी हिसकावून गाडीत बसलो. फिरव फिरव फिरवली. लाल दिवा.

नाना म्हणाले, "सरक."
हळूच फिरवली. चालू.
आणि पाटोद्याला न नेता मला धरणावर नेलं, चहा पाजला.
"भांडून कुणी कुणाचं झालंय का बे?"

नाना गेले त्या दिवसापासून गाडी एकदाही चालू झाली नाही, लाथ त्यासाठीच बसली. बॅटरी नवी टाकली, रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. काही नाही.
काकू म्हणाली, "वर्षश्राद्धापर्यंत चालू झाली तं ठिवू. न्हाईतर दिऊन टाकू."

आज वर्षश्राद्ध.

पंगत उठल्यावर गाडीत जाऊन बसलो. या वेळी फिरवली नाही. नुसती चावी बघत बसलो.

चावी एक नव्हती, दोन होत्या. गाडीबरोबर आलेल्या दोन्ही, एकाच काळ्या दोऱ्यानं बोटभर अंतरावर, पक्क्या गाठीनं बांधलेल्या. दसऱ्याच्या पूजेत नानांनीच बांधल्या होत्या. बैलांसारखी, जोडी फोडायची नाही म्हणून.

ट्यूब पेटली.
दोन्हीत चिप आहे. दोघी जवळ आल्या की गाडीला एकदम दोन आवाज येतात, कळत एकही नाही.

नाना चावी फिरवताना दुसरी तळहातात धरून खाली ओढायचे. मला वाटायचं, लाडानं गोंजारतात. मी झटका द्यायचो, दुसरी उडून पहिलीला चिकटायची.

म्हणजे रागाचं खरंच होतं.
नानांना हे माहीत होतं, का नुसता हातच तसा होता? आता कुणाला विचारू?

काकू खिडकीशी आली. तिला सगळं सांगितलं.
"मग सोड की गाठ."
"नानांनी बांधलीय, काकू."
ती दोऱ्याकडं बघत राहिली.
"बांधणारा गेला. सोड."

दातानं सोडली. एक चावी काकूच्या हातात दिली, दुसरी लावली.

पहिल्या फटक्यात चालू.

काकू पलीकडून आली, पदर सावरत वाकून आत बसली. लग्नातल्या पाहुण्यासारखी अवघडून. तिची चावी तिच्या मुठीतच होती.
"लई खाली हाय रे ही."
मग म्हणाली, "चल. कुठं बी."

नाना, गाडी कुणाला देत नाही. घरीच आहे.
तुम्ही निवांत राहा.