माझ्या चांगल्या वर्तणुकीचे साहेब

माणसावर विश्वास ठेवायचा सरकारी पगार घेणारा माणूस अख्ख्या अकोला जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवायला दर महिन्याला स्कुटीवर बसून हिवरखेडपर्यंत यायचा. कोर्टाच्या कागदावर त्यांचा हुद्दा परिविक्षा अधिकारी. माझ्या चौथी पास जिभेला हा शब्द झेपला नाही, म्हणून मी त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. ते मला काका म्हणायचे. गुन्हेगार हा शब्द वर्षभरात त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मीच तो माझ्यासाठी वापरायचो, आणि लाजायचे मात्र ते.

माझा गुन्हा सांगून टाकतो. बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी कोणाची तरी वरात माझ्या दारासमोर थांबली, आणि डीजे असा वाजू लागला की छपराची माती झडून तिच्यासाठी लावलेला दिवा विझला. मी फावडं उचललं. डीजेचा एक डबा फोडला, आणि मधे आलेल्या डीजेवाल्याच्या खांद्यावरही एक फटका बसला. उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेला हात तो. सत्तरी उलटली तरी त्याला अक्कल आली नव्हती. मलाही नव्हती. तेल्हाऱ्याच्या कोर्टात जज बाईंनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" मी म्हणालो, "होते ना बाई. दुसरा डबा राहून गेला." माझ्या वकिलाने माझ्या पायावर असा पाय दिला की शिक्षा तिथेच भोगून झाली. तरी बाई भल्या. पहिलाच गुन्हा, वय आणि घरातलं दुःख पाहून त्यांनी मला जेलात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. एक वर्ष साहेबांच्या देखरेखीखाली नीट वागायचं. मधे काही केलं तर पुन्हा कोर्ट, आणि मग जेल.

घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं साहेब कायद्याबद्दल बोलायचे. "काका, कायद्याला हे आवडणार नाही." "कायदा म्हणतो, माणूस आहे, चुकायचाच." एकदा मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कायद्याले एकदा जेवाले घेऊन या." साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपलं. टिपायची त्यांना भारी हौस. माझ्या वागणुकीची चौकशी ते ओट्यावर उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी करत. शेजारच्या सरूबाईला विचारायचे, "मावशी, काकांनी या महिन्यात कोणाला शिवी दिली का?" हा प्रश्न कोणी विचारील म्हणून ती बाई चाळीस वर्षं वाट पाहत होती. "या महिन्याचंच सांगू का पहिलेपासून सांगू?" शेवटी हिशेब लागला: शिव्या पाच, त्यांतल्या तीन बकरीला. बकरीच्या धरायच्या की नाही, यावर साहेब पेन दातात धरून बराच वेळ उभे. "बकरी कोणाची?" "माही," सरूबाई म्हणाली. "मंग धरा," मीच म्हटलं. नाहीतर त्या माणसाला झोप लागली नसती.

त्यांच्याजवळचा फॉर्म विशीतल्या पोरांसाठी बनवलेला असावा, पण साहेब एक रकाना सोडतील तर शपथ. "शिक्षण पुढे चालू ठेवायची इच्छा?" "पाचवीत बसवा." "वाईट संगत?" "होती. मेली सगळी." "विवाहाची शक्यता?" "पोरगी पाहा, मी कुठं नाही म्हणून राहिलो?" साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं, 'सध्या नाही.' मग विचारलं, "घरातल्या कोणाच्या शब्दाला मान देता?" मी म्हणालो, "बायकोच्या." पेन थांबलं. "काका, त्या तर..." "गेली. पन तुमी शब्दाचं इचारलं ना?" त्यांनी 'पत्नी' असं लिहिलं आणि त्या दिवशी पुढचे रकाने कोरेच राहिले.

डीजेवाल्याची माफी मागायचीच, हा त्यांचा हट्ट. त्याची तालीम त्यांनी माझ्या अंगणात घेतली. स्वतः डीजेवाला झाले, खांदा धरून विव्हळले आणि म्हणाले, "हं काका, बोला." मी त्यांनाच असं झापलं की सरूबाईने तोंडाला पदर लावला. तीनदा तालीम झाली, तिन्ही वेळा शिव्या. शेवटी गावाच्या त्या टोकाला त्याच्या घरी गेलो, तर तो चाळिशीचा मिशीवाला गडी आधीच बोलला, "काका, काकू गेल्याचं मले ठाव नव्हतं. वाजवलाच नसता." पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी त्याचा खांदा चाचपून पाहिला, बस. साहेबांनी ते 'माफी मागितली' असं लिहून घेतलं. तेवढं एकच खोटं लिहिलं असेल त्यांनी जन्मात.

वर्ष सरत आलं. मुलगी अमरावतीहून फोनवर म्हणाली, "बाबा, सुटले बरं आता तुमी!" मला मात्र सुटायचं नव्हतं. काय खाल्लं, कुठे गेलो, कोणाशी बोललो, हे मला दुसरं कोणी विचारत नव्हतं. मी माझ्या हाताने अर्ज लिहिला: 'मी अजून सुधारलो नाही. मनात राग तसाच आहे. दारात वरात आली तर माझा भरवसा नाही. तरी देखरेख आणखी एक वर्ष वाढवावी, ही विनंती.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. "काका, असं नाही बसत कायद्यात."

"काहून नाही बसत? जेलातल्या माणसाले तरी रोज मोजतात, साहेब."

साहेबांनी खाकरून शेवटचा अहवाल वाचून दाखवला: वर्तणूक चांगली; यांच्यापासून समाजाला कोणताही धोका नाही. मी सही केली. माझा अर्ज त्यांनी फाईलला लावला नाही, पण फाडलाही नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. स्कुटी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. "जपून राहा, काका," म्हणाले, आणि गेले.

त्या अहवालाची नक्कल माझ्याजवळ आहे, शिक्का मारलेली. असा कागद मोठमोठ्या पुढाऱ्यांकडेही नसेल. पण हातात धरून मी विचार करत बसतो, की ज्याच्यापासून कोणाले धोका नाही, त्याले पाहाले कोण येते?